मोठ स्टेशनच्या अलीकडे, आमच्या अंगणात

झाशी, ४ मार्च

तीर्थरूप बकुळताईस,

धाकट्या निरंजनाचा वाकून नमस्कार. (वाकलो की हल्ली कंबर धरते, तेव्हा नमस्कार जरा जास्त वेळ चालला आहे असं समज.) तुझे गुडघे, दाजींची साखर आणि तुमच्या नाशिकच्या गच्चीवरचे गुलाब, तिघांचंही बरं असेल अशी आशा करतो. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर माझ्या दुसऱ्या वाक्याला तू थांबवतेस आणि तिसऱ्याला तुझा उपदेश सुरू होतो. कागदावर तुला तशी सोय नाही. इकडची खुशाली कळवण्यासारखी नाही, तरी कळवतो.

दिवाळीत तूच म्हणालीस की अण्णा दिवसभर व्हरांड्यात बसून समोरच्या भिंतीकडे बघत असतात, त्यांच्यापुढे काही फुलझाडं लाव, वसंतात बहरतील, म्हाताऱ्याचा जीव रमेल. सगळं तिथून सुरू झालं, एवढी नोंद आधी करून ठेवतो.

आमच्या दारापुढची जमीन म्हणजे दोन खाटा टाकल्या की संपली. पण तिच्याबद्दल मतं तीन. मेघनाला वास हवा म्हणून स्वीट पी. अनुश्रीचं (हिचं मराठी कानांपर्यंत पोचलं आहे, तोंडापर्यंत यायचं आहे) म्हणणं, "पापा, कुछ भी लगाओ, बस गेंदा नहीं, शादी का मंडप लगता है." मी अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या कचेरीत घासलेला माणूस. मी तक्ता केला: उंची, ऊन, पाणी, फुलण्याचा महिना. डेलियाला काठीचा आधार लागतो (आधार लागणारी मंडळी घरात आधीच पुरेशी आहेत). पॅन्झीला गारवा लागतो, आणि झाशीत होळी झाली की गारवा हा विषय बंद. शेवटी फ्लॉक्स उरला. बुटका, बिनतक्रारी, ऑक्टोबरात पेरला की फेब्रुवारी-मार्चात अंगभर फुलणारा. तक्त्यात सगळे रकाने होते. रंगाचा नव्हता.

तो का नव्हता हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण घरात हे कोणी बोलत नाही. बाविसाव्या वर्षी इंजिनावरच्या नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि मला एकाही पानावर आकडा दिसला नाही. लाल आणि हिरवं मला सारखंच. अण्णा तेव्हा कानपूरपर्यंत गाड्या न्यायचे, आणि मुलगा आपल्या शेजारी असिस्टंट म्हणून उभा राहील हे त्यांनी ड्रायव्हर मंडळी मुक्काम करतात त्या अख्ख्या रनिंग रूमला सांगून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "बरं. मग बाबू हो." तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव बाबू. (मेघना वीस वर्षं समजत होती, लाडाचं आहे.)

तर मानिक चौकातल्या बियाणेवाल्याने विचारलं, "बाबूजी, मिक्स दूँ या एक रंग?" मी अधिकाराने म्हटलं, एक रंग. कौन-सा, म्हणाला. मी एका पाकिटावर बोट ठेवलं. "वाह, क्या चटख पसंद है!" म्हणाला. स्तुती आवडते माणसाला. घेऊन आलो.

फेब्रुवारीत मेघना म्हणाली, काय फुललंय हो! मी म्हटलं, निवड कोणाची? रंग कोणता हे ती बोलली नाही. ज्यांना दिसतो ते सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. सांगितला तो अण्णांनी. दुपारी जेवायला हाक मारली, तर खुर्चीतून न उठता त्यांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सिग्नल लाल!"

त्यांचं मन दोन वर्षं इंजिनात आहे हे तू जाणतेस. आजवर ती गाडी निदान चालत होती. आता ती कानपूरच्या वाटेवरच्या मोठ नावाच्या स्टेशनच्या अलीकडे, आउटर सिग्नलला उभी राहिली, आणि उभ्या गाडीतून ड्रायव्हर जेवायला उतरत नाही. पहिल्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. एकेचाळीस किलोचा माणूस, ताई. डॉक्टर म्हणाले सलाईन लावावं लागेल. अनुश्रीने हिरवी ओढणी हलवली, "आजोबा, हरी झंडी!" तर अण्णांनी तिला युनिफॉर्म कुठे म्हणून विचारलं. मी वाफ्यावर चादर टाकली. ते म्हणाले, दिवा विझलेला सिग्नल लालच धरायचा असतो. (नियम बरोबर आहे, मी पुस्तक काढून पाहिलं.) मेघना म्हणाली, उपटून टाका. मी कात्री घेऊन उकिडवा बसलो, तर पान कुठलं आणि फूल कुठलं कळेना, आणि मागून अण्णा ओरडले, "सिग्नल तोडतोस? नोकरी जाईल!"

तिसऱ्या दिवशी मला माझी विद्या आठवली. सिग्नल बिघडला तर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला लेखी परवानगी देतो. मी वहीचं पान फाडलं: सिग्नल नादुरुस्त, गाडी पुढे न्यावी. सही केली, दिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि परत केलं. "वेळ कुठाय? गाडी नंबर कुठाय? असल्या कागदावर मी इंजिन हलवू?" दुसरा लिहिला. वेळ, नंबर, तारीख, कचेरीतला जुना शिक्का. त्यांनी सही केली, घडी करून खिशात ठेवला आणि वाफ्याकडे हात करून थांबले. माझ्या लक्षात येईना. मग आठवलं, ड्रायव्हर सिग्नल मोठ्याने बोलतो आणि असिस्टंटने तो पाहून परत बोलायचा असतो.

"सिग्नल लाल, कागद मिळाला," अण्णा म्हणाले.

"सिग्नल लाल, कागद मिळाला," मी म्हणालो. मला समोर नुसता पाला दिसत होता.

ते उठले, आत आले आणि दीड पोळी जेवले. गेले पंधरा दिवस दोन्ही वेळेला हेच चाललं आहे. कचेरीत मी दुपारी घरी का पळतो याबद्दल तऱ्हेतऱ्हेच्या बातम्या आहेत.

तेव्हा पुढच्या वर्षासाठी लाल नसलेली, झाशीच्या उन्हात टिकणारी, मार्चात फुलणारी झाडं कोणती, याची यादी कळव. रंग शब्दांत लिही, फोटो पाठवू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
निरंजन (अण्णांच्या लेखी बाबू)

ता. क. यादीची घाई नाही. खरी अडचण वेगळी आहे. रोज दिवेलागणीला अण्णा विचारतात, ड्यूटीचे दहा तास कधीच संपले, रिलीफला दुसरा ड्रायव्हर कधी येणार? त्यावर कागद कसा लिहायचा मला कळेना. काल शेवटी लिहिला: "रिलीफला बकुळ येत आहे. पाडव्यापर्यंत." त्यांनी तीनदा वाचला, आणि आज तो त्यांच्या छातीवरच्या खिशात आहे. खाली माझी सही आहे. आजवर माझा कागद खोटा ठरलेला नाही, तेव्हा तिकीट काढ.

ता. क. २. येताना रोपं आणू नकोस. फ्लॉक्सची बोंडं वाळायला लागली आहेत. मी ती एकेक चाचपून वर्तमानपत्रावर जमवतो आहे. (कच्चं हिरवं बोंड तोडलं जाऊ नये म्हणून अनुश्रीला शेजारी बसवतो.) ऑक्टोबरात तीच पेरणार, लालच. काल कागद देताना अण्णा म्हणाले, "असिस्टंट चांगला मिळालाय या वेळी." मेघनाला सांगू नकोस. ती म्हणेल, ऑक्टोबर कोणी पाहिलाय.