लीगचा सामना आणि सांडलेला चहा

बुधवार, थेरगाव

कँटीनमध्ये मेंटेनन्सचे शिंदेभाऊ मोबाइलवर देशातल्या हँडबॉल लीगचा सामना बघत होते. म्हणाले, "मॅडम, तुमी कॉलेजात गोलकीपर होतात ना? मग लीगमध्ये का न्हाई गेलात?"

"आमच्या वेळी लीगच नव्हती, भाऊ. आली, तीही आधी पुरुषांची."

सांगताना काही वाटलं नाही. खरंच नाही.

तेवढ्यात स्क्रीनवरच्या एकाने उडी मारून बॉल फेकला आणि बॉल अडवायला माझा पाय आपोआप उचलला गेला. टेबल हललं, चहा सांडला. शिंदेभाऊ हसत सुटले. मीही हसले. चहाचं काय एवढं, पुसला.

मग त्यांना तो गोल पुन्हा लावायला सांगितला. कशाला, कोण जाणे. समोरच्या संघाचा गोलकीपर स्वतःच्या उजवीकडे झेपावला आणि बॉल त्याच्या डावीकडून आत गेला.

माझा डावा पाय उठला होता.