शिकेकाईनं धुतलेली रेकॉर्ड

बसवनगुडी, बेंगळूर
गुरुवार, १३ एप्रिल १९६७

चि. सौ. क्षमा हिला अनुसूया आत्याचे पोटभर आशीर्वाद. तू, तुझे यजमान आणि तुझ्या सासूबाईंचे गुडघे, सगळे ठीक असाल असं धरून चालते. इकडे हे वेळेवर ऑफिसला जातात आणि वेळेवर येतात. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही गार पाण्यानं न्हाऊन मडीनं, म्हणजे ओल्या वस्त्राच्या सोवळ्यात, देवाचा स्वयंपाक करतात आणि आम्हा सर्वांना लाज वाटायला लावतात. मी बरी आहे. म्हणजे जेवते. झोप मात्र मंगळवारपासून नाही. हे पत्र होसकोटेला तुझ्या घरी न पाठवता तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर का टाकलं, ते पुढे कळेल. मुलींसमोर उघडू नकोस.

क्षमा, आधी एक कबुली देते. तुझं लग्न झालं त्याच्या पुढच्या रविवारी मी कॅन्टोन्मेंटच्या बसमध्ये बसले. तू आमच्याकडे राहायला होतीस तेव्हा मी तुझ्या सोबतीला यायची, कारण एकट्या मुलीनं मिस डॅफ्नींच्या घरी इंग्रजी रेकॉर्डी ऐकायला जायचं नाही, असं ह्यांचं म्हणणं होतं. मी कोपऱ्यात बसून समईच्या वाती वळायची. (गिटार जोरात वाजली की वाती बारीक व्हायच्या. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, यंदा कापूस चांगला आलाय.) आता सोबत करायला कोणी उरलं नव्हतं, तरी पाय गेले. मिस डॅफ्नींनी दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं, तू नाहीस हे बघितलं आणि काही न विचारता खुर्ची मांडली. तेव्हापासून अकरा महिने मी त्या रेकॉर्ड-मंडळाची सभासद आहे. घरी मी भीमाचार्यांच्या प्रवचनाला जाते.

प्रवचनाचं प्रकरण अवघडच आहे, कारण हे दर रविवारी जेवताना विचारतात, आज आचार्यांनी काय सांगितलं. पहिल्या खेपेला मी आमटी वाढण्यात वेळ काढला. मग मी नुकत्याच ऐकलेल्या गाण्याचा भावार्थ सांगितला, की एक माणूस दारोदार फिरतो, त्याला कुणी ओळखत नाही, आणि सरतेशेवटी त्याचं घरच त्याला ओळखत नाही. ह्यांनी आमटीत बोट बुडवून ठेवून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, फार खोल आहे. गेल्या महिन्यात ते म्हणाले, मीही येईन एकदा. त्या दिवसापासून मी आचार्यांना सारखी परगावी पाठवते आणि स्वतः बायकांच्या भजनाला म्हणून निघते.

मंडळाची रीत तुला ठाऊकच आहे, पण लिहिते. लिहिताना मला बरं वाटतं. प्रत्येकानं आपली पाळी आली की उठून, सध्या आपल्या घरी कुठली रेकॉर्ड वाजते आहे आणि ती आपल्याला का आवडते, हे तीन मिनिटं सांगायचं. मग ती रेकॉर्ड लागते. मध्ये कोणी बोलायचं नाही. कृष्णमूर्ती घड्याळ धरून बसतात. (विम्याच्या कचेरीत त्यांनी इतक्या लोकांच्या मरणाच्या तारखा अंदाजल्या आहेत, की तीन मिनिटं त्यांना फार वाटतात.) पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या कन्नडात एवढंच म्हणाले, की ह्यातला ढोल वाजवणारा मुलगा मध्येच थांबतो, ते मला आवडतं. तो थांबतो तेव्हा आपणही श्वास धरतो. कुणी हसलं नाही. दाताचे डॉक्टर देवाप्पा म्हणाले, "सरी, बरं तर, अनुसूयक्का, तेवढंच परत लावूया." आणि परत लावलं. क्षमा, सव्वीस वर्षं मी संसार केला. मीठ बरोबर पडलंय का, हे मी रोज सगळ्यांना विचारते. तुला काय आवडतं, हे मला कुणी विचारलेलं आठवत नाही. माझ्यावर कुणी जुलूम केला असं नाही, राहूनच गेलं. पण आता त्या खुर्चीची सवय झाली आहे, आणि ती जाणार असं दिसतंय.

झालं ते असं. गेल्या रविवारी मंडळाची ती निळ्या दाराच्या चित्राची रेकॉर्ड आठवड्यापुरती घरी न्यायची माझी पाळी होती. तीच, चार मुलगे बंद दारासमोर पाठमोरे उभे असलेली. मिस डॅफ्नींनी मटणाची कटलेटं केली होती. मी खात नाही, माझ्यासाठी त्या नेहमी केळं ठेवतात. देवाप्पांनी मात्र एका हातात कटलेट आणि दुसऱ्या हातात रेकॉर्ड धरली, आणि बोलण्याच्या भरात हातांची अदलाबदल केली. डाग पडला. त्यांनी रुमालानं पुसला, म्हणजे पसरवला. मी घरी येऊन ती माडीवरच्या खोलीत तुझ्या पेटीवाल्या प्लेअरशेजारी ठेवली. सोमवारी पाडवा झाला आणि रामाचं नवरात्र बसलं.

नवरात्रात आमच्याकडे कसं असतं ते तू पाहिलं आहेस. बाहेरून आलेलं जे जे धुता येतं, ते धुवायचं. जे धुता येत नाही, त्यावर पाणी शिंपडायचं. (परवा सासूबाईंनी तारवाल्यावरही शिंपडलं.) मंगळवारी दुपारी त्या आडव्या झाल्यावर मी माडीवर गेले, रेकॉर्ड काढली, आणि मला मटणाचा वास आला. खाली देव बसलेत आणि वर हे! माझा स्वतःचा ह्या गोष्टींवर कितपत विश्वास आहे, असं मला कुणी शांतपणे विचारलं असतं तर मी शांतपणे काहीतरी उत्तर दिलं असतं. पण हातांनी विचारलं नाही. हातांनी शिकेकाई भिजवली, पाणी कढत केलं, तूप लागलेल्या ताटासारखी ती रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी चोळली, खळखळून धुतली आणि गच्चीवर सांडगे वाळत घातले होते त्यांच्या शेजारी, स्वच्छ पंचावर, उन्हात ठेवली. मला इतकं हलकं वाटलं, की मी खाली येऊन झोपले.

चार वाजता वर गेले. सांडगे छान वाळले होते. रेकॉर्डीचा द्रोण झाला होता.

एक कड वर, एक खाली, मध्ये खळगा. मी तिथेच सांडग्यांत बसले. मग मी जे जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण तुझ्यापाशी कसली लाज. आधी पाट्याखाली दाबून ठेवली. मधला खळगा गेला आणि कडेला दोन नवे आले. मग वाटलं, उष्णतेनं वाकली तर उष्णतेनंच सरळ होईल, म्हणून बुधवारी इडलीच्या पात्रात वाफवली. (दहा मिनिटं. इडलीला तेवढीच लागतात.) वाफेनं ती इतकी मऊ झाली, की चिमट्यातून खाली वाकून लोंबायला लागली. घाईनं ती लोणच्याच्या बरणीवर पसरून थापटली आणि वर वरवंटा ठेवला. तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या, मी पदर सावरत बाहेर गेले, आणि परत येते तो त्यांनी वरवंटा काढून बाजूला ठेवलेला आणि बरणीकडे कौतुकानं बघत उभ्या. "अनुसूये, हे झाकण कुणाकडचं? बरणीला अगदी बेतून केल्यासारखं बसलंय. मध्ये भोकही ठेवलंय, लोणचं घुसमटायला नको." आज सकाळी त्यांनी शेजारच्या सरस्वतीबाईंना ते दाखवलं. सरस्वतीबाईंना तसलीच दोन हवी आहेत.

तर आता रविवारी सकाळी साडेदहाला मला ती रेकॉर्ड परत करायची आहे. कृष्णमूर्तींच्या वहीत ती माझ्या नावावर लिहिलेली आहे. बेंगळुरात दुसरी नाही; मिस डॅफ्नींच्या भाच्यानं ती बोटीनं आणली होती. मागे एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या नखाचा ओरखडा रेकॉर्डीवर उठला तर कृष्णमूर्तींनी त्यांचं नाव वहीतून कापलं. कर्नलसाहेबांनी दोन लढाया पाहिल्या होत्या, पण त्या दिवशी जिना उतरताना त्यांचे डोळे मी पाहिले. मी तर वाफवली आहे.

अंगात कसर आली आहे असं सांगून रविवारी जाऊच नये, असंही मनात येतं. पण मग पुढच्या रविवारी काय, आणि त्याच्या पुढच्या? काल हे नुसते म्हणाले, "ह्या रविवारी आहेत का आचार्य?" आणि मी आचार्यांना लगेच आणखी लांबच्या गावी पाठवलं. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहीत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सगळ्या बेंगळुरात माझं असं कुणी नाही. तुझं पत्र महिन्यापूर्वी आलं. अकरा ओळींचं होतं, त्यांतल्या चार उकाड्यावर होत्या. पूर्वी तू एका गाण्यावर चार पानं बोलायचीस. असो. सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद सांगावेत. तुझ्या यजमानांना फक्त आशीर्वाद, बाकीचं नको.

तुझी,
अनुसूया आत्या

ता. क. (शनिवार) : पत्र टाकलं नाही, बरंच झालं. वर तुझ्याकडे काही मागायचं नाही असं लिहिलंय ते खोटं आहे. निळ्या दाराची दुसरी एक रेकॉर्ड बेंगळुरात आहे, आणि ती माझ्या ट्रंकेत आहे. तुझी. मिस डॅफ्नींनी भाच्याकडून दोन मागवल्या होत्या, एक मंडळाला आणि एक तुला लग्नाची भेट. सासरी नेऊ नकोस, मी जिवापाड सांभाळीन, असं मीच म्हणाले होते. उद्या ती नेऊन मंडळाची म्हणून देणार आहे. परवानगी मागायला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर, तू नको म्हणालीस तर काय करायचं ह्याची भीती वाटते. तू नेहमीच समजून घेतेस, आणि त्याचाच मी फायदा घेते आहे, हे मला कळतंय. कळूनही उद्या जाणार आहे.

ता. क. दुसरा (रविवार, दुपार) : गेले. बसमध्ये ती पंचात गुंडाळून छातीशी धरली होती. शेजारची बाई म्हणाली, स्वल्प सरका, बाळाला वारा लागू दे. तिथे गेल्यावर कृष्णमूर्तींनी वही उघडली, चष्मा लावला, रेकॉर्ड उजेडात धरून दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले, अगदी नव्यासारखी ठेवलीत. तिथेच सुटका झाली होती, क्षमा. पण ते नियमाचे पक्के. त्यांनी कव्हरही उलगडून पाहिलं. आत तुझं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ, मी कधी उघडून पाहिलंच नाही. त्यांनी एकेक अक्षर लावत मराठी मोठ्यानं वाचलं : "पहिली बाजू, तिसरं गाणं. आत्याला आवडतं. ती सांगत नाही."

कृष्णमूर्तींनी कव्हर मिटून रेकॉर्ड माझ्या मांडीवर ठेवली. "ही मंडळाची नाही, अक्का. मंडळाची कुठं आहे?" मी म्हटलं, लोणच्याच्या बरणीवर. मग सगळं सांगितलं. मिस डॅफ्नी तीनदा म्हणाल्या, पण का धुतली? देवाप्पा छताकडे बघत होते. (कटलेटाचं मी नाव घेतलं नव्हतं. त्यांनी स्वतःच हात वर केला.) कृष्णमूर्तींनी विचारलं, "शिकेकाई?" मी मान हलवली. "आणि वाळवली कुठं?" सांडग्यांशेजारी, म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसला. मग ते मिस डॅफ्नींना म्हणाले, हे तुम्हाला कळायचं नाही. आमच्या आईनं माझा बूट धुऊन तुळशीपाशी वाळवला होता. पण नियम तो नियम. माझी खुर्ची मिटून भिंतीला लावली. मग त्यांनी वहीची मागची पानं चाळून एक कलम काढलं, की अशा सभासदाला ज्यानं मंडळात आणलं, त्यानं स्वतः येऊन, उभं राहून, हा माणूस विश्वासाचा आहे असं सांगितलं तर नाव राहील. मुदत एक आठवडा. मला मंडळात तू आणलंस.

तर येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळच्या बसनं ये. माझ्याबद्दल चांगलं बोलता आलं नाही तरी चालेल, जे वाटेल ते बोल. आणि उभी राहिलीस की तुलाही तीन मिनिटं बोलावं लागेल, सध्या काय ऐकतेस ते. काहीच ऐकत नसलीस तर तसं सांग. तिथे मध्ये कोणी बोलत नाही.

ता. क. तिसरा : तुझ्या सासूबाईंना मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मला छातीत कळ येते, डॉक्टरांनी आशा सोडली आहे आणि भाचीला एकदा डोळे भरून बघायचं आहे, असं लिहिलंय. घाबरू नकोस. त्यांच्यासमोर मात्र स्वल्प रड.