कोरी चौकट

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
दवाखान्याचं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर नेलं आणि मराठीचा पार विचका झाला! पेशंटच्या कार्डावर लाल चौकट असते — कोणाला कोणतं औषध चालत नाही, ते नर्स तिथे मराठीत लिहितात. आता तिथे नुसती गिचमिड. हेड नर्स शोभाताईंचा सकाळपासून चौथा फोन — "ऋतुजा, लवकर कर वं. डॉक्टर मले घडी घडी विचारून राहिले."

५ नोव्हेंबर
जमलं! अक्षरं नीट दिसायला लागली. शोभाताईंना सांगितलं, एकेक कार्ड उघडा, सेव्ह दाबा, कायमचं ठीक होईल. माझ्या लॅपटॉपवर झालं होतं. तेवढंच तपासलं.

६ नोव्हेंबर
अकराशे चाळीस कार्डं दोन दिवसांत! बाई जेवायलाही उठल्या नाहीत म्हणे.

९ नोव्हेंबर
सहज एक कार्ड उघडलं. चौकटीत प्रश्नचिन्हं. दुसरं उघडलं — तेच. सगळीकडे तेच!

दवाखान्याच्या डेटाबेसमधला तो रकाना जुना, इंग्रजीपुरता. जुना सर्व्हर मराठी इंग्रजी चिन्हांत बदलून त्यात ठेवायचा; आता थेट मराठी सेव्ह केली की अक्षराजागी प्रश्नचिन्ह पडतं. गिचमिड दिसत होती तोवर आत मूळ मजकूर शाबूत होता. सेव्ह दाबलं नि तो गेला. बॅकअप तीनच दिवसांचा राहतो, तिन्हींत प्रश्नचिन्हं. जुना सर्व्हर मीच पुसला. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

१० नोव्हेंबर
पियूष सरांना, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांना, सांगितलं. "बोंबलू नको. कॉन्ट्रॅक्ट गेलं समज! ते निशाण लपव, चौकट कोरी दिसू दे. पेशंट आले का नर्सा भरतीन परत."

कोरी चौकट म्हणजे सगळी औषधं चालतात. तिथे तसंच धरतात, मला ठाऊक आहे. तरी लपवली. दोन ओळींचं काम.

१२ नोव्हेंबर
काही झालं नाही. फोन वाजला की आधी दवाखान्याचा नंबर आहे का बघते. आई म्हणते, "जेवत काहून नाही वं?"

१४ नोव्हेंबर
पारशिवनीच्या बायजाबाई पायाची जखम घेऊन आल्या. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या औषधाचा त्रास होतो का? म्हणाल्या, "सारं कार्डात लिहून हाय, पाहा ना." त्यांनी पाहिलं. पेनिसिलिन दिलं. तासाभरात बाई गेल्या.

१५ नोव्हेंबर
कार्डावर शेवटचं सेव्ह शोभाताईंच्या नावावर आहे. त्यांना घरी बसवलं. दुपारी फोन आला — "खरं सांग ऋतुजा. माह्याच हातून पुसलं गेलं काय वं?"

मी हो म्हणाले.