मंगळाचे आराखडे आणि मालाडचे घर

मी, शरच्चंद्र विनायक ताम्हाणे, सेवानिवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार मालाड, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलो असलो तरी माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेतले आहे, कारण धाकटा भाऊ मार्तंड उद्या त्यावरच बोट ठेवणार. कोणाच्या दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लावतो ती अशी.

कलम १. राहते घर, माझ्या स्वकमाईचे, विहिरीसह, एकुलती कन्या अनुपमा हिला. तिचे लग्न झाले तरी तिचे, न झाले तरी तिचेच. मी आजारी पडल्यावर मार्तंड येऊन सुचवून गेला, की बिनलग्नाच्या मुलीला घर कशाला, माझ्या नावे कर, मी तिला सांभाळीन. म्हणून तिचे लग्न कोणी मोडले तेही इथेच लिहितो.

कलम २. मी आरसा घासून बनवलेली दुर्बीण अनुपमालाच. छप्पन सालच्या भाद्रपदात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. तेव्हाच सांताक्रूझची मंडळी अनुपमाला पाहायला आली. मुलगा राजी होता. मार्तंडने कोणी न विचारता तिच्या आठव्या घरातला मंगळ त्यांच्या कानावर घातला. मी मंडळींना अंगणात नेऊन दुर्बिणीतून मंगळ दाखवला, म्हटले, तिथे माती आहे, बर्फ आहे, उद्या माणसे जातील. मुलाच्या आईने दुर्बिणीलाच हात जोडले आणि चहा तसाच टाकून सगळे उठले. मार्तंड म्हणाला, "दादा, आभाळातला मंगळ वेगळा नि पत्रिकेतला वेगळा." वर मडक्याशी लग्न लावून तिचा दोष काढायचे सुचवले. मी त्याला दाराबाहेर काढले.

कलम ३. मंगळावर माणसे नेण्याचे माझे आराखडे, पाणी किती, हवा किती, परत यायचे कसे, ते अनुपमाने कोरडे ठेवावेत. मार्तंडने गल्लीभर त्यांची टिंगल केली. रशियाचा उपग्रह फिरल्यापासून तोच 'आमच्या दादाने आधीच सांगितले होते' म्हणत हिंडतो. त्याला यातला कपटाही देऊ नये.

कलम ४. मार्तंडला माझी जन्मपत्रिका. तीत मला ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य आहे. मी साठीही गाठत नाही. उरलेली वर्षे त्याने शोधावीत.

कलम ५. आराखड्यात तिघांना जागा आहे. एका जागेवर अनुपमाचे नाव आहे. लहानपणी तिने हट्टाने लिहायला लावले होते. ते खोडू नये. मंडळी गेल्यावर कपबशा उचलताना तिने विचारले, "अप्पा, तिथे एखादी मुलगी जन्मली, तर तिला पृथ्वी नडेल का हो?"

त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे. आता लिहितो. नडेल, बाळ. तुला तर इथेच नडली.

हे वाचून घेऊन, पटल्यावर, दोघांदेखत सही करतो.

मालाड, रविवार, १२ जानेवारी १९५८

शरच्चंद्र विनायक ताम्हाणे

साक्षीदार:
दत्ताराम सखाराम राणे, शेजारी
डॉ. कुंदा वैद्य