आमच्या भिंतीत दार पाडण्याबाबत

मी, मुकुल रवींद्र घाडगे, वय सव्वीस, शिक्षण आठवीपर्यंत, मूळ राहणार मौजे निंबसर, जि. सातारा, हल्ली सिंगापूरच्या शिपयार्डात वेल्डर, पूर्ण शुद्धीत, दारू न पिता आणि कोणी न शिकवता हे लिहून घरी पाठवतो. पुढच्या आठवड्यात मला समुद्रातल्या तेलाच्या रिगवर पाठवतायत. काही होईलच असं नाही, पण माझ्या पाठीमागे नवीन भांडण नको. जुनंच पुष्कळ आहे.

१. बँकेतले पैसे माझे वडील, अण्णा, यांना. त्यांनी गुडघा दाखवून घ्यावा. ते लोकांच्या वरातीत घालू नयेत.

२. आमच्या अंगणातली भिंत. ती माझी नाही, तरी लिहावं लागतंय. मागच्या ग्रामपंचायतीला माझे चुलते, तात्या, उभे राहिले. अण्णांनी त्याआधीच समोरच्या पॅनेलला शब्द दिला होता. आमच्यात मत माणसाचं नसतं, घराचं असतं, आणि दिलेला शब्द फिरवत नाहीत. तात्या पडले. महिन्याच्या आत अंगणाच्या मधोमध भिंत आली. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं ती सविताकाकू पलीकडे राहिली. सुट्टीत मी भिंतीवरून हाक मारली तर हळूच म्हणाली, "जेवलास का? बरं, जा आता. हे येतील."

३. साक्षीदारांबद्दल. डेल आणि रॉय हे आमचे सुपरवायझर. दोघे अमेरिकेतल्या एकाच गावचे, गाव आपल्या निंबसरपेक्षा थोडं मोठं. आजोबांच्या वेळेपासून ते गाव निळ्या पार्टीचं, यंदा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत लाल पार्टीकडे फिरलं. का फिरलं विचारलं तर दोघांनी दोन कारणं दिली. कारखाना बंद पडला हे तेवढं दोन्हींत होतं. डेल निळा, रॉय लाल. रोज जेवताना भांडायचे आणि एकाच गाडीनं घरी जायचे.

रिझल्टच्या दुपारी डेलची पार्टी हरली. मी त्याच्या जवळचा हातोडा हळूच उचलून बाजूला ठेवला.

"काय रे?" डेल म्हणाला.

"आमच्याकडे निकालाच्या रात्री उसाला राखण बसवतात, हरलेल्यांनी पेटवू नये म्हणून."

त्याला ऊस काय ते सांगावं लागलं. मग तो रॉयला म्हणाला, "आजची कॉफी तुझ्याकडून. चार वर्षं तुझ्याकडूनच."

ते जाऊ दे. तिकडे गावात डेलच्या म्हाताऱ्या आईला मतदानाला कोणी नेलं? रॉयच्या बायकोनं, स्वतःच्या गाडीतून. म्हातारीचं मत आपल्याविरुद्ध पडणार हे माहीत असून. मी रॉयला विचारलं, "मग नेलं कशाला?"

तो म्हणाला, "तिला आता गाडी चालवता येत नाही."

एवढंच. जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. त्या दिवसापासून मी वेल्डिंग करताना, जेवताना तेच घोकतोय. असं गाव जगात आहे, आणि तिथली माणसं साधी आहेत, आपल्यासारखीच डबा खातात.

४. अण्णांच्या बाजूला भिंतीला लागून मी माझ्या पैशानं बांधलेली खोली सविताकाकूला. पूर्ण मालकीनं. तिनं तिथं राहावं, नाहीतर कांदे ठेवावेत. तिला आत जाता यावं म्हणून भिंतीत दार पाडावं लागेल. अण्णा, हरकत घेऊ नका. खोली तुमची नाही.

५. माझी हॅमर ड्रिल तात्यांना. भिंत त्यांनी घातली, दारही त्यांनीच पाडावं. लोखंडी चौकट मी गेल्या सुट्टीत वेल्ड करून कॉटमागे उभी करून ठेवली आहे. माप बरोबर आहे. काकूला वाकावं लागू नये एवढी उंच घेतली आहे.

६. माझी बॉडी आली तर ना अण्णांच्या दारानं न्यायची, ना तात्यांच्या. त्या मधल्या दारानं न्यायची. दार झालं नसेल तर होईपर्यंत थांबवा. उन्हाळा असला तरी.

७. मी जिवंत परत आलो आणि दार झालेलं दिसलं, तर हा कागद चुलीत घालावा. खोली तरीही काकूचीच.

ठिकाण: जुरोंग, सिंगापूर. रविवार, २० नोव्हेंबर २०१६.

सही: मुकुल रवींद्र घाडगे

आम्हा दोघांसमोर मुकुलनं सही केली. काय लिहिलंय ते त्यानं आम्हाला इंग्रजीत सांगितलं:

साक्षीदार पहिला: डेल. मत निळ्याला.
साक्षीदार दुसरा: रॉय. मत लालला.
दोघांचा पत्ता एकच गल्ली. पेन डेलचं.