मुंग्यांचा शुक्रवार

४ जानेवारी, रविवार
नळदुर्गला आमच्या जुन्या घरी आक्काकडं जाऊन आलो. दाजी गेल्यापासून ती तिथंच असते. तिच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं आधीच गेली, आता डाव्याचीही चाललीय. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला २२ तारीख दिलीय. आहे ती टिकेल, गेलेली येणार नाही, म्हणाले. उशीर केला तर हीही जाईल.
आक्का मेथी निवडत ऐकत होती. हल्ली बोटांनीच निवडते. म्हणाली, "बापू, आपले ते टीवीवरचे शुक्रवारचे भुताचे भाग कुठं असले तर दाव. म्या एकबी बघितला न्हाय."
खरंच आहे. एकही नाही.

५ जाने.
दुकानात झेरॉक्सचं मशीन रुसलेलं. जुनं आठवत बसलो.
गल्लीत पहिला टीव्ही आमचा. अँटेना माळवदावर, लांब पाइपाला बांधलेली, तोंड सोलापूरकडं. वारा सुटला की ती तोंड फिरवायची, म्हणून एकानं वर पाइप धरून उभं राहायचं. आक्का तेरा वर्षांची, उंच. मी नऊचा आणि लाडोबा. मग वर कोण जाणार हे ठरलेलंच. वरून ती ओरडायची, "आलं का?" खालून मी, "न्हाय... गेलं... आलं, आलं, आता हलवू नको!"
त्यानंतर अर्धा तास ती वर तशीच. खाली अख्खी गल्ली आमच्या घरात दाटीवाटीनं बसून घाबरायची. भागाच्या सुरुवातीला पडद्यावर विहिरीत खडा पडायचा, आणि आवाज लई उशिरा यायचा. तेवढ्यातच निम्म्यांची पाचावर धारण बसायची.
दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी तिला भाग सांगायचो. शेवटाला मी डोळे गच्च मिटलेले असायचे, त्यामुळं शेवट बहुतेक माझ्याच पदरचे.

७ जाने.
मोबाइलवर सहा भाग सापडले. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेत. शिंप्याचा भाग आहे! दर महिन्याला त्याच्या दुकानात मापाची चिठ्ठी येते, माणूस येत नाही. शिंपी मुकाट शिवत राहतो. शेवटी कळतं की मापं त्याचीच आहेत, आणि दर चिठ्ठीत छाती बोटभर कमी. हातातलं काम टाकून दोनदा बघितला. अजून काटा येतो. केवढं प्रेम होतं माझं या भागावर.
मी आक्काला सांगितलेला शेवट: शिंपी पळून येरमाळ्याच्या जत्रेत हरवतो. काय पण.

११ जाने., रवि.
भाकरी खाऊन दोघं ओसरीत बसलो. मोबाइल डाव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरून तिनं शिंपी बघितला, कंडक्टरचा भाग बघितला. नऊ तिकिटं फाडतो आणि आठच माणसं उतरतात, तो. आक्का पोरीसारखी हसली. "तुझे शेवट बरे होते की रं."
मग म्हणाली, "आन् तो पाठमोऱ्याचा?"
मी म्हणालो, तो नाही सापडला.
"माझा लाडका तोच. कोपऱ्यात पाठ करून बसलेला माणूस. रोज जरा जरा वळतो. बाईला एकटीलाच दिसतो." मोबाइल माझ्या हातात परत दिला. "दिवाळीपासनं येतोय बघ. दुपारी भाकऱ्या थापून आले की आतल्या खोलीत असतो. टीव्ही असायचा तिथं."
टीव्ही विकून वीस वर्षं झाली. तिथं आता पिठाचा डबा असतो. मी जाऊन बघितलं. डबाच होता.
"आता त्याचा कान दिसतुया," आक्का म्हणाली.

१२ जाने.
लिहूनच टाकतो. असा भाग नव्हताच.
त्या शुक्रवारी गल्ली लग्नाला गेलेली, आईबाबाही. घरात मी आणि वर आक्का. वारा असा की पडद्यावर नुसत्या मुंग्या, पांढऱ्या-काळ्या, वळवळणाऱ्या. बराच वेळ "न्हाय, न्हाय" केलं. मग तिची दया आली, म्हणालो, "आलं." करायला गेलो गणपती, झाला मारुती. ती अर्धा तास पाइप धरून उभी, आणि मी मुंग्या बघत बसलो. दुसऱ्या दिवशी काहीतरी सांगायला हवं म्हणून तो पाठमोरा. तिनं विचारलं, वळल्यावर काय होतं? मी म्हणालो, पुढच्या शुक्रवारी. पुढचा शुक्रवार काही मी येऊ दिला नाही.

१४ जाने. संक्रांत
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागेत आपली चित्रं भरतो, पुष्कळांना होतं, वेड नव्हे. जीव भांड्यात पडला. लगेच आक्काला फोन.
"मेंदू का फिंदू, ते डाक्टरला ठावं. पर बापू, वळल्यावर काय हुतं ते सांग. त्याबिगर म्या जायची न्हाय."
"अगं, नजर जाईल."
"डोळ्याला पट्टी बांधल्यावर तो वळला तर? मला दिसायचाबी न्हाय."
ही म्हणाली, "चाळीस वर्षांमागं थाप मारलीत, आता निस्तरा."

१८ जाने., रवि.
सांगितलं. आक्का, तो भाग नव्हता, टीव्हीवर मुंग्या होत्या, मी रचलं, चुकलो. रडूच आलं मला, या वयात.
आक्का ज्वारी पाखडत होती. सूप थांबवलं नाही.
"मला ठाव हाय की. वर आवाज यायचा न्हवं? खडा पडल्याला, समदं ऐकू यायचं. त्या दिवशी नुसती खरखर हुती."
"मग धरून का राहिलीस?"
"तू आलं म्हणालास म्हणून."
मग सूप खाली ठेवलं. "म्हणून तर तुलाच इचारते. टीवीवरचं असतं तर कुणीबी सांगितलं असतं. तो तुलाच दिसला हुता."

१९ जाने.
दिसला होता.
हे कुणालाच सांगितलेलं नाही, हिलाही नाही. मुंग्यांकडं बघता बघता मध्ये एक जागा स्थिर झाली. खांदे. मान. कुणीतरी पलीकडं तोंड करून बसलेलं. मी नऊ वर्षांचा, एकटा. "आलं" म्हणालो ते दयेनं की भीतीनं, आता सांगता येणार नाही. आक्काचा आवाज यावा एवढंच वाटत होतं, आणि "हलवू नको" म्हटल्यावर ती तर गप्पच झाली. तो थोडा हलला तसे मी डोळे मिटले.
शेवट मलाही माहीत नाही.

२१ जाने., बुधवार
सकाळच्या एसटीनं नळदुर्ग. उद्याची गाडी ठरलेली, आक्काची पिशवी भरलेली नाही.
शेवट सांगितला. तो वळतो, तर तिचा गेलेला नवराच असतो, म्हणतो चहा टाक. दाजींना चहा लागायचाच सारखा. आक्कानं नीट ऐकून घेतलं. "हे तू एसटीत जुळवलंस."
एसटीतच. तुळजापूरच्या पुढं.
"वर जा," ती म्हणाली. "पाइप हाय अजून. धर."
हसावं की रडावं कळेना, पण गेलो. अकराचं ऊन. हायवेवर ट्रक चाललेले. पाइप गंजलेला, अँटेनाच्या दोनच काड्या शिल्लक. सोलापूरकडं तोंड केलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी माळवदावरून ओरडलो, "आलं का?"
"न्हाय." मग, "अजून अलीकडं... गेलं... आलं, आलं. आता हलवू नको!"
घरात टीव्ही नाही. तरी मी पाइप धरून राहिलो. हात भरून आले. खालून काही आवाज नाही. वर उभं राहून ऐकणं काय असतं ते आज कळलं. मला लाज वाटली आणि भीतीही. मध्ये एकदा आक्का कुणाला तरी "व्हय" म्हणाली, हळू, आदरानं.
किती वेळानं कोण जाणे, हाक आली. "ये आता. झालं."
खाली आलो. पिशवी भरून दारात. दोन लुगडी, शाल, डबा. आक्का पायरीवर बसलेली, तोंड धुतलेलं. आतल्या खोलीत बघायचं मी टाळलं.
"वळला?"
"वळला की."
"कोण होता?"
आक्कानं माझ्या हातावरचा गंज पदरानं पुसला. "उद्या वाटंत सांगते. तूबी दुसऱ्या दिवशीच सांगायचास न्हवं?"
"घाबरण्यासारखं आहे?"
"उद्या म्हणलं न्हवं का."
रात्री मुक्काम इथंच. ओसरीत अंथरूण टाकायला सांगितलंय. गाडी सकाळी सातला येईल. मी पुढं बसणार नाही, मागं तिच्याशेजारी बसेन. सोलापूर तासाभरावर आहे. तेवढ्यात तिचं सांगून व्हायला हवं.