लुकाट्टी विमानाचा भरवसा

कोद्रोइपो,
१२ जानेवारी १९८४

चि. ओर्नेला हिस अ. उ. आ. वि. वि.,

नाताळला पाठवलेला तुझा युद्धखेळ पोचला. पेटी देखणी आहे. भाचीने स्वतः रचलेला खेळ म्हणून मी तो मिरवत कॅफेत नेला आणि औषधवाल्या तार्चिझियोला समोर बसवलं. तो ऑस्ट्रियाकडून, मी अर्थातच आपल्या इटलीकडून. नकाशा मांडला, पुठ्ठ्याच्या सोंगट्या लावल्या आणि तेवढ्यात माझ्या बापाचं विमान हाती आलं.

लुकाट्टी, साल १९१७. वेग तीन घरं. भरवसा एक! म्हणजे फाशावर एक पडला तरच विमान शत्रूपर्यंत पोचणार, नाहीतर मागे फिरणार. ऑस्ट्रियाच्या विमानाला मात्र भरवसा चार, म्हणजे एक ते चार काहीही पडलं तरी पोचलं. मी नऊ वेळा फासा टाकला, नऊही वेळा लुकाट्टी घरी परत. तार्चिझियोने विचारलं, की हे विमान आहे की पाळलेलं कबूतर. सगळा कॅफे हसला. चार दिवस मी तिकडे फिरकलेलो नाही. घरी स्वतः केलेली कॉफी पितोय. ती कशी असते ते तुला माहीत आहे.

तुझे आजोबा प्रीमो हेच विमान उडवत होते. मी स्वतः चाळीस वर्षं विमानांची इंजिनं उघडली आणि जोडली, तेव्हा मला शिकवू नकोस. कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकात वेग ताशी एकशे साठ किलोमीटर छापलाय. तो घाल, आणि भरवसा चार कर. निदान चार.

रागावलोय, पण मामाच आहे, एवढं ध्यानात असू दे.

ओलिंतोमामा


बोलोन्या,
२० जानेवारी

ती. ओलिंतोमामांस सा. न. वि. वि.,

ते माहितीपत्रक माझ्याकडेही आहे. तो एकशे साठचा वेग बंदूक काढून, मागच्या निरीक्षकाला खाली उतरवून आणि वारा पाठीशी घेऊन मोजलेला आहे. बहुधा उतारावर, असं आमच्या खेळाचा चित्रकार म्हणतो. रोमच्या लष्करी दफ्तरात लुकाट्टी उडवणाऱ्या तुकडीच्या रोजनिशा आहेत. त्यांत एकशे अठराच्या वर कुणीच गेलेलं नाही. ऑक्टोबरात एकतीस उड्डाणं झाली, त्यांतली पाच शत्रूपर्यंत पोचली. साधारण सहातून एक. मी काही मनाने लिहिलेलं नाही हो.

दुसरी आवृत्ती मार्चअखेर छापायला जाईल. पुरावा द्या, त्याच दिवशी आकडा बदलते. कॅफेतल्या गप्पा पुरावा म्हणून चालत नाहीत. आई म्हणते, आजोबांची उड्डाणवही तुमच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहे आणि तुम्ही तिला कुणाला हात लावू देत नाही. तीच पाठवा ना.

कॅफेत जायला लागा. घरच्या कॉफीने तब्येत बिघडेल. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची ओर्नेला


कोद्रोइपो,
१९ फेब्रुवारी

चि. ओर्नेला हिस अ. उ. आ.,

वही जीर्ण झालीय. टपालात तुकडे होतील. तो विषय सोड.

त्याहून भक्कम पुरावा देतो. आपले पाद्री डॉन एलिओ यांच्या चर्चमागच्या कोठारात लुकाट्टीचं एक जुनं इंजिन पडून होतं. मी आणि तार्चिझियोने (समेट झाला) तीन आठवडे खपून ते साफ केलं, तुळयांच्या घोडीवर जखडलं आणि रविवारी गावासमोर सुरू केलं. तासभर चालवून दाखवणार होतो.

काय आवाज गं! डोळ्यांत पाणी आलं. मात्र या इंजिनाला वंगण लागतं एरंडेलाचं, आणि ते आत टिकत नाही, चहूकडे उडतं. डॉन एलिओचे वाळत घातलेले झगे न्हाऊन निघाले. तार्चिझियो समोर तोंड उघडं टाकून उभा होता. एरंडेलाचे गुण औषधवाल्याला कुणी सांगायला नकोत. दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं.

इंजिन अकरा मिनिटं चाललं. पण कशी अकरा मिनिटं! हल्लीचं पेट्रोल हलकं असतं, हेही धर. मी तीनवर तडजोड करायला तयार आहे.

आईला सांग, माझा कोट धुवून स्वच्छ निघाला. बहुतेक.

ओलिंतोमामा


बोलोन्या,
१ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला.

आता लिहितेय ते मात्र तिला सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात रोजनिशीत आजोबांचं नाव सापडलं. आठ दिवसांत सात वेळा ‘इंजिन बिघडलं’ म्हणून परत. खाली मेजरचा शेरा आहे, की इंजिन ठणठणीत आहे, माणूस भित्रा आहे, त्याला लष्करी न्यायालयापुढे उभा करावा. पुढची पानं दफ्तरात नाहीत. मामा, हे तुम्हाला ठाऊक होतं का? वही म्हणूनच डब्यात आहे का?

असेल तर एक बघा. विमानाचा भरवसा चार असेल, तर मेजरचं खरं ठरतं. चार भरवशाच्या विमानातून सात वेळा परत येणारा माणूस पळपुटाच. आणि भरवसा एक असेल, तर आजोबा रोज सकाळी जाणूनबुजून त्या सांगाड्यात जाऊन बसत होते. अकरा मिनिटं तुम्ही स्वतः घड्याळ लावून मोजलीत.

काय छापू, ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तेच छापीन.

ओर्नेला


कोद्रोइपो,
१० मार्च

चि. ओर्नेला हिस अ. उ. आ.,

ठाऊक होतं. पंधरा वर्षांचा असताना ती वही चोरून उघडली होती. ‘न्यायालय’ हा शब्द आला तिथे मिटली, ती कायमची. बाबांना कधी विचारलं नाही. ते अंथरुणाला खिळले तेव्हाही नाही. मात्र बापाचं कुठलंही बोलणं ऐकताना मनात यायचं, की हा माणूस घाबरला होता. एकोणपन्नास वर्षं, ओर्नेला.

तुझं पत्र आलं आणि तार्चिझियोला बोलावून घेतलं. एकट्याने जमेना. त्याने चष्मा लावला आणि मी वही मिटली होती त्या पानापासून पुढे वाचून दाखवलं. त्या शब्दानंतर दोनच नोंदी होत्या. उलटायला पानसुद्धा नव्हतं. मूर्खासारखा मी तिथवर पोचूनच थांबलो होतो.

वही सोबत पाठवतोय, टपालात तिला काही होत नाही. आकडा एकच ठेव. कुणी वाढवायला सांगितलं तर त्याला माझ्याकडे धाड, इंजिन अजून घोडीवर आहे.

तुला वहीत शोधायला नकोत म्हणून दोन्ही नोंदी इथेच उतरवतो. बाबांचं अक्षर तिरपं आहे.

‘इंजिन ठणठणीत असल्याचं दाखवायला मेजरसाहेब माझ्या विमानातून स्वतः उडाले. हवा स्वच्छ. नऊ मिनिटं. तालियामेंतो नदीत उतरले. पाणी थंड आहे म्हणाले. न्यायालयाचं पुन्हा कुणी बोललं नाही.’

आणि खाली, दोन दिवसांनंतरची:

‘इंजिन वाळवलं. सकाळी मी उडालो.’

तुझा,
ओलिंतोमामा